क्लिनिकल डिप्रेशन: नैराश्य, अवसाद की आणखी काही?

मुक्ता_वाचते: आशाताईंनी गावात वाटायच्या पत्रकाचं भाषांतर करतेय. 'क्लिनिकल डिप्रेशनची कारणे' या भागात मी सरळ 'नैराश्य' लिहिलं. मसुदा वाचून आमच्या आशाताई म्हणाल्या, "मॅडम, नैराश्य म्हटलं की बाया विचारणार, कशाची निराशा झाली? आणि खाली तर लिहिलंय, काही न घडताही हा आजार होतो." मुद्दा रास्त आहे. शब्दातच कारण बसलंय. दुसरा सुचवा.

बोरूबहाद्दर: अवसाद. चर्चा संपली.

घाटावरचा: बोरूकाका, हा हिंदीतून आलेला पाहुणा. तिकडे भूगोलात अवसादी शैल म्हणजे गाळाचे खडक. बाया म्हणतील, डोक्यात गाळ साचलाय का?

बोरूबहाद्दर: पाहुणा कसला! गीता उघडा, सहावा अध्याय: 'नात्मानमवसादयेत्', म्हणजे स्वतःला खचू देऊ नये. सद् म्हणजे बसणे, खचणे. त्याच धातूला 'वि' लावला की विषाद. पहिल्या अध्यायात अर्जुन 'सीदन्ति मम गात्राणि' म्हणतो, तेही सद्-चंच रूप. गात्रं गळणं, तोंडाला कोरड पडणं, शरीराची लक्षणंही आली. आणखी काय हवं?

निवासी_डॉक्टर: काका, नेमका तोच श्लोक नातेवाईक पेशंटला ऐकवतात. स्वतःच स्वतःला वर काढ म्हणे! थायरॉइड मंदावल्यामुळे जी बाई खचलीय तिने कशाला धरून वर यायचं? आधी रक्त तपासा. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३७ टक्के धरतात. म्हणजे परिस्थितीला भरपूर जागा उरते. ब्राउन आणि हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायका अभ्यासल्या (१९७८). घरात तीन किंवा जास्त लहान मुलं, बाहेर काम नाही, लहानपणी आई गेलेली, आणि मन मोकळं करावं असं जवळचं माणूस नाही. अशात एखादा मोठा आघात झाला की आजार गाठायचा. यातली चौथी गोष्ट पत्रकात ठळक छापा.

माजघर: आमच्या आजीकडे यासाठी शब्दच शब्द होते. हाय खाल्ली, धसका घेतला, मनाला लावून घेतलं, झुरणीला लागला. पण आता लिहिताना लक्षात येतंय, प्रत्येकाला मागे काहीतरी घडलेलं लागतं. पीक गेलं म्हणून हाय खाल्ली. उगाच कोणी हाय खात नाही. भाषेलाच विनाकारण आजारी माणूस मान्य नाही की काय!

पुणेरी_पाटी: एवढं कशाला? मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं द्रव्य कमी पडतं, म्हणून 'सेरोटोनिन-न्यूनता' म्हणा. शास्त्रीय आणि नेमकं.

निवासी_डॉक्टर: नेमकं तेवढंच नाही. ती कल्पना काही अंशी आपल्या सर्पगंधा या औषधी वनस्पतीवरून आली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असा लेख लिहिला. पुढे तिच्यातून काढलेलं रेझर्पिन घेणारे काही रुग्ण खचलेले दिसले. रेझर्पिन मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा साठा घटवतं, त्यावरून तर्क बांधला गेला. पण सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन, एवढं सरळ नातं सिद्ध झालेलं नाही. गोळ्यांचा अनेकांना फायदा होतो, हा वेगळा प्रश्न. एका शब्दात कारण कोंबू नका, एवढंच म्हणणं.

घाटावरचा: मग डिप्रेशनच लिहा! एसटीत मागच्या सीटवरचा पोरगासुद्धा तेच म्हणतो.

बोरूबहाद्दर: तो ब्रेकअपलाही तेच म्हणतो. आणि डिप्रेशन बंगालच्या उपसागरातही येतं, कोळ्यांना विचारा.

माजघर: शिवाय डिप्रेशन 'येतं' की माणूस डिप्रेशनमध्ये 'जातो'? आमच्याकडे जातो. खोलीत गेल्यासारखा.

पुणेरी_पाटी: त्यापेक्षा ते 'नैराश्यता' लिहिणं बंद करा. नैराश्य हे आधीच भाववाचक नाम, वर आणखी 'ता' कशाला?

मुक्ता_वाचते: नैराश्यता कोणीच लिहिलेलं नाही इथे! असो. आशाताईंनी मसुद्यात नैराश्य खोडून 'डिप्रेशनचा आजार' केलंय. त्या म्हणतात, आजार म्हटलं की बाया कारण कमी विचारतात, औषध जास्त विचारतात. छापायला देऊ?

बोरूबहाद्दर: 'डिप्रेशनचा आजार' म्हणजे पिवळा पीतांबर झाला.

घाटावरचा: काका, पीतांबर लालही मिळतो हो. लग्नात नेसलोय.

पुणेरी_पाटी: लाल असेल तर तो पीतांबर नव्हे, सोवळं. फरक आहे.