७० सीसी किट बसवल्यावर स्कूटर फुल थ्रॉटलला गुदमरते. हवा कुठून ओढतेय?

टू-स्ट्रोक, ४९ सीसी, एअर-कूल्ड. ४० मिमीचा सिलिंडर काढून ४७ मिमीचा बसवला. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत मस्त पळते, पुढे पिळलं की भॉऽऽ करून दम टाकते. प्लग काढला तर टोक पांढरंफटक, म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी). म्हणून मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र, आकडा मोठा तेवढं पेट्रोल जास्त) ७५ चा ८२ केला, मग ८८. काडीचा फरक नाही! इथेच डोकं चालेना.

एअर फिल्टर मूळचाच, स्वच्छ. रीडच्या (इनटेकमधल्या एकतर्फी झडपेच्या) पाकळ्या नीट बसतात. इनटेकच्या रबराभोवती कार्ब क्लीनर मारला, आयडल हललं नाही, म्हणजे तिथे गळती दिसत नाही. ऑइल पंप चालू आहे. व्हेरिएटरचे (बेल्ट-गिअरचे) रोलर बदललेले नाहीत, आधी जेटिंग जमू दे. कागदांवर अजून ४९ सीसीच असल्याने, नोंद बदलेपर्यंत रस्त्यावर काढत नाही. चाचणी आवारातच, त्यामुळे लांब पल्ल्याचा प्लग चॉप (फुल थ्रॉटलवर पळवून इंजिन एकदम बंद करायचं आणि प्लगचा रंग बघायचा) शक्य नाही.

संशय दोन: व्हॅक्यूमवर चालणारा पेट्रोल कॉक पुरेसं पेट्रोल सोडत नसावा, किंवा मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक सील (क्रँकशाफ्टभोवती हवा अडवणारं रबर) गेलं असावं. प्रेशर टेस्टर नाही, आणि पिस्टन धरायच्या (तापून सिलिंडरमध्ये अडकायच्या) आत थांबायचंय. इंजिन न उघडता या दोन्हींत फरक कसा ओळखायचा?