मदत हवी आहे: मेल सर्व्हरवरची १४ जीबीची फाइल उडवली, तरी डिस्क भरलेलीच

नमस्कार मंडळी,

सांगलीत मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीचं कॉम्प्युटरचं काम बघतो. पेढीचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. उबुंटूवर (लिनक्स) पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (लोकांच्या मेलपेट्या सांभाळणारा), डिस्क ४० जीबी. ज्यानं बसवला तो पुण्याला गेला आणि हे लोढणं माझ्या गळ्यात आलं.

काल सकाळपासून बाहेरची एकही मेल येईना. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलीत) '४५२ ४.३.१ इन्सफिशियंट सिस्टीम स्टोरेज', म्हणजे जागा अपुरी. मालक तापलेत. ऐन हंगामात व्यापाऱ्यांच्या मेल परत चालल्या म्हणतात. ४५२ म्हणजे तात्पुरता नकार, समोरचा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, हे सांगून माझा घसा बसला.

डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) १०० टक्के दाखवत होतं. शोधलं तर मेल.लॉग एकटीच १४ जीबीची! लॉगरोटेट (जुन्या लॉग आपोआप काढणारी सोय) कधीपासून बंद होतं देव जाणे. सरळ आरएम (फाइल पुसायची कमांड) मारली. डीयूमध्ये (फाइलींच्या आकारांची बेरीज करणारी कमांड) १४ जीबी कमी दिसतात, डीएफ मात्र १०० वरून हलायला तयार नाही. आयनोड (डिस्कवर फाइलींची नोंद ठेवायच्या जागा) बघितले, ते भरपूर शिल्लक आहेत.

जागा गेली कुठं? आणि पोस्टफिक्सच्या स्पूलमधल्या फाइली उडवल्या तर चालेल का?

प्रतिसाद (साताऱ्याहून):

स्पूलला हात लावू नका राव! त्या पोचायच्या राहिलेल्या मेल आहेत. आधी पोस्टक्यू -पी नं रांग बघा, त्यातली खरंच नको असलेली मेल पोस्टसुपर -डी नं तिचा आयडी देऊन काढा.

तुमच्या फाइलचं फक्त नाव पुसलंय. लॉग लिहिणाऱ्या आरसिसलॉगनं ती अजून उघडी धरलीय, तो सोडत नाही तोवर जागा सुटत नाही. एलएसओएफ +एल१ चालवा, 'डिलीटेड' लिहिलेली सापडेल. आरसिसलॉग रीस्टार्ट करा. पुढच्या वेळी आरएम नको, ट्रंकेट -एस ० वापरा, फाइल जागेवरच रिकामी होते. लॉगरोटेट आजच चालू करा, नाहीतर पुन्हा इथंच भेटू.

बाकी जागा करायला ॲप्ट क्लीन आहे (डाउनलोड करून ठेवलेली पॅकेजं काढतं), जर्नलसाठी (सिस्टीमच्या जुन्या नोंदी) जर्नलसीटीएल व्हॅक्यूम आहे. ३० दिवसांपूर्वीचा ट्रॅश डव्हकॉटच्या डव्हॲडम एक्सपंज कमांडनं निघतो, पण लोकांना विचारून.

धागाकर्ता:

रीस्टार्ट केल्याबरोबर ६३ टक्के! अडकलेल्या मेलही यायला लागल्या. उपकार झाले.

ट्रॅशचं मात्र अवघड आहे. सगळ्यात मोठा ट्रॅश मालकांचाच, ९ जीबी. "त्यात हात घालू नकोस, माझी जुनी बिलं तिथंच ठेवलीत" म्हणाले.