कमाल ताकद वाढवण्यासाठी मोजकेच व्यायाम निवडायचे आहेत: मदत हवी आहे

नमस्कार. माझे वय ३८, वजन ७४ किलो. लहानपणापासून तालमीत जोर, बैठका आणि सपाट्या मारल्यामुळे दमसास चांगला आहे. पण शेकड्याने बैठका मारणाऱ्याला एकदाच जास्तीत जास्त वजन पेलता येतेच असे नाही, याचा अनुभव जिममध्ये रोज येतो. आता मला तीच ताकद वाढवायची आहे. अंग पीळदार दिसावे ही हौस नाही आणि स्पर्धेतही उतरायचे नाही.

आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेस तासभर एवढाच वेळ हाताशी आहे. जड सेटनंतर (न थांबता केलेल्या आवर्तनांच्या एका फेरीनंतर) तीन ते पाच मिनिटे विश्रांती घ्यायची म्हटली, तर तासाभरात दोन, फार तर तीन व्यायाम होतात; म्हणून एकूण यादी चारच्या पुढे न्यायची नाही असे ठरवले आहे. स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून ताठ उभे राहणे) नक्की आहेत. पॉवरलिफ्टिंगमध्ये (कमाल वजन उचलण्याच्या स्पर्धांमध्ये) या दोहोंच्या जोडीला बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणे झोपून बार छातीवरून वर ढकलणे, असतो म्हणून तिसरा तोच घ्यावा, असे जिममधल्या बहुतेकांचे म्हणणे पडते. मला मात्र उभ्याने बार डोक्यावर ढकलण्याचा ओव्हरहेड प्रेस अधिक उपयोगाचा वाटतो, कारण त्यात टाचेपासून मनगटापर्यंत सगळे अंग ताठ धरावे लागते. (ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्येही १९७२ पर्यंत प्रेस होता, खेळाडू पाठ इतकी मागे झुकवू लागले की पंचांना निर्णय देणे अवघड झाले आणि तो वगळला गेला.)

सध्या प्रत्येकी पाच आवर्तनांसाठी स्क्वॉट ८० किलो, डेडलिफ्ट १०० आणि ओव्हरहेड प्रेस ४० किलो होतो. रॅकला फसलेला बार अडवणारे सुरक्षा दांडे नाहीत, पहाटे बहुधा मी एकटाच असतो, आणि सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची आहे. तिसरा व्यायाम कोणता घ्यावा, चौथा पुल-अप (दांड्याला लटकून अंग वर ओढणे) असावा की बार्बेल रो (वाकून बार पोटाकडे ओढणे), आणि डेडलिफ्ट आठवड्यातून किती वेळा करावा, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

दांडे नाहीत आणि बार धरायला कोणी नाही, एवढ्यावरच बेंच प्रेस बाद होतो. छातीवर अडकलेल्या बारखालून एकट्याने सुटणे कठीण असते. ओव्हरहेड प्रेस फसला तर बार खांद्यांवर परत घेता येतो. स्क्वॉटसाठी मात्र वेल्डिंगवाल्याकडून बार अडवायला दोन भक्कम लोखंडी घोडे करून घ्या, आणि ते येईपर्यंत प्रत्येक सेट एखाददुसरे आवर्तन शिल्लक असतानाच थांबवा.

तुमची खरी अडचण प्लेट्सची आहे. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलो लावले की वजन पाच किलोंनी वाढते. डेडलिफ्टच्या १०० किलोंवर ही वाढ पाच टक्के, पण प्रेसच्या ४० किलोंवर साडेबारा टक्के होते. प्रेस महिनोन्महिने एकाच वजनावर अडून राहतो तो पुष्कळदा यामुळेच. सव्वा किलोच्या प्लेट्सची जोडी स्वतः विकत घेऊन पिशवीतच ठेवा.

चौथा व्यायाम म्हणून कमरेला वजन बांधून पुल-अप करा. रो वाईट नाही, पण त्यात वाकून राहावे लागते आणि स्क्वॉट-डेडलिफ्टने आधीच थकलेल्या कमरेवर आणखी ताण येतो. डेडलिफ्ट आठवड्यातून एकदा पुरे, बाकीचे तिन्ही दोनदा. तीन ते पाच आवर्तनांचे तीन-चार सेट. दर आठवड्याला कमाल वजन आजमावू नये. वजनाला आवर्तनांच्या तिसाव्या भागाने गुणून येणारी संख्या मूळ वजनात मिळवली की कमाल वजनाचा अंदाज मिळतो. तुमच्या स्क्वॉटचा तो ९३ किलोंच्या आसपास येतो.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली. आमच्याकडच्या प्लेट्स व्यासाने लहान असल्यामुळे डेडलिफ्टचा बार जमिनीच्या फार जवळ येतो आणि सुरुवातीलाच पाठ गोल होते. हे चालेल का?

प्रतिसाद:

नाही. प्रमाणित मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो. तेवढी उंची येईपर्यंत दोन्ही बाजूंच्या प्लेट्सखाली सारख्या जाडीच्या फळ्या ठेवा.