सेमिनारसाठी: माणसाच्या जीनमध्ये फ्रेमशिफ्टिंगचं चांगलं उदाहरण कोणतं?

कळवेकर: एमएस्सी पार्ट वनला आहे, कॉलेज ठाण्यात. फ्रेमशिफ्टिंग म्हणजे आरएनए तीन-तीन अक्षरांनी वाचताना रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र, एखादं अक्षर मागे-पुढे सरकतं ते. एचआयव्ही आणि कोरोनाचं उणे एक (एक अक्षर मागे) फ्रेमशिफ्टिंग वाचून झालंय. सर म्हणाले, विषाणू पुरे, सस्तन प्राण्यांचं जीन-नियंत्रण दाखव. सीसीआर-फाइव्ह टाकू का, एचआयव्ही पेशीत शिरताना वापरतो त्या रिसेप्टरचं जीन? नेचर जर्नलमध्ये आलंय.

खारघरची_आरएनएवाली: नको रे बाबा. 2014 ला आलं खरं, पण 2022 ला नेचरमध्येच त्यावर सविस्तर आक्षेप छापून आलाय. गोम रिपोर्टरमध्ये, म्हणजे शिफ्ट चमकून दाखवणाऱ्या चाचणीत असते. दोन ल्युसिफरेजच्या, म्हणजे चमक देणाऱ्या प्रथिनांच्या जीन्सच्या, मधे आपला तुकडा घालायचा आणि दुसरं चमकलं की फ्रेमशिफ्ट झाली म्हणायचं. पण त्या तुकड्यात लपलेला प्रमोटर (आरएनए बनवणं सुरू करणारी जागा) असला किंवा आरएनएचं स्प्लायसिंग (मधला भाग कापून जोडणं) झालं, तरीही ते चमकतंच. आमच्याकडे कुणी असा आलेख घेऊन आलं की मी आधी आरएनए तपासलास का, एवढंच विचारते.

तू अँटिझाइम हे प्रथिन घे, त्याचं जीन ओएझेड-वन. इथे शिफ्ट अधिक एक, म्हणजे रायबोसोम एक अक्षर गाळून पुढे सरकतो. जागा आहे यूसीसी यूजीए यू. यूजीए हा स्टॉप, म्हणजे प्रथिन इथे संपव अशी खूण. बहुतेक रायबोसोम तिथेच उतरतात आणि अर्धवट प्रथिन सुटतं. जे शिफ्ट होतात, ते यू सोडून जीएयू वाचतात. फळ्यावर ‘कमळबगवतसरळ’ लिही. तीन-तीन अक्षरं वाचलीस तर कमळनंतर ‘बगव’ येतं, अडकलास. ब गाळ, लगेच गवत, सरळ.

आता खरी गंमत. ऑर्निथिन डिकार्बोक्सिलेज हे एन्झाइम प्युट्रेसीन बनवतं, त्यापासून स्पर्मिडीन आणि स्पर्मीन होतात. ही पॉलिअमाइन्स पेशीत वाढली की त्या स्टॉपवर शिफ्ट होणाऱ्या रायबोसोमांचं प्रमाण वाढतं, पूर्ण अँटिझाइम जास्त बनतं, आणि ते त्याच एन्झाइमला धरून प्रोटिअसोमकडे, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या यंत्राकडे नेतं. तोडायच्या प्रथिनावर एरवी मारतात तो युबिक्विटिनचा शिक्काही लागत नाही. शिवाय बाहेरून पॉलिअमाइन आत घेणंही रोखतं. माल किती झाला हे रायबोसोमच मोजतोय! 1995 चा, सेल जर्नलमधला मात्सुफुजी आणि सहकाऱ्यांचा पेपर काढ.

ऐरोली_नाका: ताई, पीईजी-टेन विसरलात? नाळेतलं जीन, वडिलांकडून आलेली प्रतच चालते ते. उणे एक शिफ्ट आहे त्यात, आणि उंदरात ते काढलं तर गर्भ जगत नाही.

खारघरची_आरएनएवाली: विसरले नाही हो. शिफ्ट पक्कीच आहे, पण ते जुन्या रेट्रोट्रान्सपोझॉनचं, म्हणजे जीनोममध्ये स्वतःच्या प्रती घालत फिरणाऱ्या तुकड्याचं, उरलेलं सामान. एकाच आरएनएवरून दोन प्रथिनं मिळतात. अँटिझाइमसारखं पेशीतलं प्रमाण बघून शिफ्ट कमी-जास्त करणं वेगळं. सरांनी ‘नियंत्रण’ म्हटलंय, तर ते दुसऱ्या नंबरवर.

कळवेकर: थँक्यू ताई, सीसीआर-फाइव्ह काढलं. एफ्लोर्निथिनची स्लाइड ठेवू? निद्रारोगाचं औषध आहे, त्याच ऑर्निथिन डिकार्बोक्सिलेजवर चालतं.

खारघरची_आरएनएवाली: ते एन्झाइमलाच थेट बांधून बंद पाडतं, शिफ्टला हात लावत नाही. वेळ उरला तर तोंडी सांग. स्लाइड स्यूडोनॉटच्या, म्हणजे शिफ्टला मदत करणाऱ्या आरएनएच्या गाठीच्या, आकृतीला दे, स्टॉपच्या पुढे काढायची, मागे नाही. व्हायवात तिथेच पकडतात.