वंशावळ काढून देणारा खरा जाणकार कसा ओळखायचा?

बाळीवेसकर:
मंडळी, मूळ गाव अक्कलकोट तालुक्यात, आता सोलापुरात असतो. चुलत्यांनी एकाकडून घराण्याची वंशावळ काढून घेतली, पैसे पण चांगले मोजले, त्याने रंगीत फ्लेक्स करून दिला आणि सगळ्यात वर थेट शिवकाळातला सरदार बसवला. पणजोबांपर्यंत नावं जुळतात, त्याच्या वरची कुठून आणली विचारलं तर म्हणतो माझा अभ्यास आहे. या कामाला काय नियमबियम असतात का नाही?

कोतवालबुक:
अभ्यास राहू द्या मालक, उतारे मागा. प्रत्येक बाप-लेकाच्या जोडीला एकतरी कागद पाहिजे. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची गावची नोंदवही, शाळेचं जनरल रजिस्टर, जुने फेरफार म्हणजे जमीन कोणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी. त्यात वारसाचा फेरफार सगळ्यात भारी, मयताचं नाव आणि मागे राहिलेल्यांचं नातं एकाच जागी सापडतं. जातीच्या दाखल्याला पण, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा धरतात, तिथं जात पडताळणी समिती कागद बघते, फ्लेक्स नाही.

मोडीवाली:
त्याच्या मागं गेलात की मोडी लागते. पण मोडी वाचता येते म्हणजे वंशावळ जोडता येते असं नाही, हे लोकांना पटतच नाही! आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे राणोजी वल्द विठोजी, म्हणजे विठोजीचा मुलगा राणोजी, दर दोन पिढ्यांनी परत येतो, चुलत घरातला वेगळाच. कागदावर फसली सन, म्हणजे महसुलाचं जुनं वर्ष असेल तर इसवी सनासाठी त्यात साधारण ५९० मिळवायचे, ते न करता जोडलं की नातू आजोबाच्या आधी जन्माला येतो 😀 आणि अक्कलकोट १९४८ पर्यंत संस्थान होतं, तुमचं गाव त्यात होतं का ते आधी बघा, म्हणजे जुने कागद कुठल्या दप्तरात शोधायचे ते कळेल.

पेठेतला_पोरगा:
मग हेळवी काय बे? बैल घेऊन यायचे आमच्या गावाला, पिढ्या घडाघडा सांगायचे, त्यांच्याकडं कुठलं सर्टिफिकेट होतं?

मोडीवाली:
अरे हेळव्यांना कोण नाही म्हणतंय. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं लिहून ठेवणाऱ्या तिथल्या उपाध्यांच्या वह्या पण मी मानते. फक्त नोंद कोणी सांगितली आणि कधी लिहिली ते विचारायचं. पणजोबांनी स्वतः सांगितलेल्या बापाच्या नावाला वजन आहे, त्यांनीच सांगितलेल्या दहाव्या पिढीला तेवढं नाही. अमेरिकेत वंशावळ काढणाऱ्यांना सर्टिफिकेट देणारं बोर्ड १९६४ पासून आहे, ते पण हेच बघतात, सापडतील तेवढे कागद धुंडाळले का, प्रत्येक विधानाला आधार दिला का, दोन कागद भांडत असतील तर त्याचा निकाल लावला का. जो माणूस एखादी पिढी रिकामी सोडून देतो त्याला मी पैसे देईन.

बाळीवेसकर:
ताई, कोतवाल काका, थँक्यू. फेरफारापासून सुरुवात करतो. अर्ज तहसीललाच ना?

कोतवालबुक:
हो, अभिलेख कक्षात. गावाचं नाव आणि जुना सर्व्हे नंबर लिहा, नुसतं आडनाव देऊन शोधा म्हटलं तर काही हाताला लागत नाही.