मदत हवी आहे: किल्ल्याची चालत फेरी, गाईड आणि ओहोटीची वेळ

मुक्ता, कोथरूड: येत्या रविवारी आईला घेऊन किल्ल्यावर चालत जायचे आहे. मागच्या खेपेस ज्या गाईडबरोबर गेलो, त्याने पाणी चढू लागल्याचे सांगून गणपतीच्या देवळापासूनच आम्हाला परत फिरवले, आणि ज्या तटबंदीसाठी पुण्याहून पहाटे चारला निघालो होतो, ती लांबूनच पाहावी लागली. या वेळी पूर्ण फेरी समजावून सांगणारा माणूस हवा आहे. किती वाजता उतरावे, हेही आजच ठरवायचे आहे. कृपया लवकर सांगावे.

नचिकेत: कोणता किल्ला, आणि आईंचे वय काय? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

वसंतराव: माझे ऐकाल तर मालवणला जा. सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ ते १६६७ या काळात झाले. शिवराजेश्वराचे मंदिर, आणि भर समुद्रातल्या खडकावर असूनही गोड्या पाण्याच्या असलेल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी पाहून आईंना समाधान वाटेल. होडीने जायचे असल्यामुळे ओहोटीची वाट पाहावी लागत नाही.

मुक्ता: अलिबागचा कुलाबा. चालत जायचे म्हटल्यावर दुसरा कोणता? आई ६८ वर्षांची आहे, गुडघा दुखतो. रविवारी अष्टमी आहे.

नचिकेत: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पुण्याहून सकाळी सहाला निघालात तरी वेळेत पोहोचाल.

शुभदा: नचिकेत, हिशोब बरोबर आहे, सल्ला मात्र पटत नाही. अष्टमीला भांगाचे पाणी असते. ते ओहोटीलाही पुरते मागे सरत नाही, आणि शेवाळलेल्या खडकावरून, पाण्यातून, दुखरा गुडघा घेऊन चालणे धोक्याचे आहे. पंचमीला उधाण ओसरून फार दिवस झालेले नसतात, त्यामुळे पाणी बरेच हटते आणि ओहोटी सकाळी दहाच्या आतबाहेर येते. आदल्या दिवशी अलिबागला मुक्काम करा, साडेआठला वाळूत उतरा आणि साडेअकराच्या आत परत या. ओहोटीला किनाऱ्यावरून घोडागाडीही जाते. गाईड कोणीही असो, त्याला आधी तटावर न्यायला सांगा. चुना न वापरता नुसते एकावर एक रचलेले ते प्रचंड चिरे, आणि त्यांच्या फटींत शिरून लाटेचा जोर कसा मोडतो, हे उभे राहून पाहावे. राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेल्या सिद्धिविनायकाच्या मंदिरात परतताना जाता येते.

वसंतराव: घोडागाडीचे हादरे गुडघ्याला सोसणार नाहीत. होडीच बरी.

मुक्ता: शुभदाताई, मनापासून आभार. पुढची पंचमी शुक्रवारी येते. मी रजा टाकते आणि गुरुवारी मुक्काम करतो. घोडागाडीचे आईला विचारले, तर ती चालतच जाईन म्हणते. तटाची माहिती असलेला गाईड मात्र अजून कोणी सुचवलेला नाही.