विषय: जोग्जा (इंडोनेशियातलं योग्याकार्ता) सहल – सोमवारचा घोळ (तातडीचं)

सुजाता
मंडळी, आत्ताच लक्षात आलं. बोरोबुदूरच्या बौद्ध स्तूपावर सोमवारी चढू देत नाहीत. खालच्या आवारात हिंडा, फोटो काढा, पण पायऱ्या बंद, देखभालीचा दिवस असतो. आणि आपण बोरोबुदूर नेमकं सोमवारी, १० ऑगस्टलाच ठेवलंय. विमानाची ३४ तिकिटं निघाली आहेत, ती बदलत नाहीत. मेरापी ज्वालामुखीची जीप सोमवारी टाकून बोरोबुदूर रविवारी घेता येईल, पण मग रविवारचा क्रातोन, म्हणजे सुलतानाचा राजवाडा, जातो, कारण तोसुद्धा सोमवारी बंद आणि इतर दिवशी दुपारी लवकरच आवरतात. शिवाय बोरोबुदूरवर दिवसाला १२०० जणांनाच वर सोडतात, वेळ धरून ऑनलाइन तिकीट काढावं लागतं. त्यात लाँग वीकेंड. रात्रीपर्यंत हो-नाही कळवा.

मिलिंद
लाँग वीकेंड आपला, सिंगापूरचा आहे, त्यांचा नाही. त्यांचा स्वातंत्र्यदिन १७ ऑगस्टला.
बाकी, हा कार्यक्रम प्रवास समितीने नकाशा समोर ठेवून आखलाय. विमानतळ आता गावात नाही, पश्चिमेला कुलोन प्रोगोत आहे, ४० किलोमीटरच्या वर. प्रांबानानची हिंदू मंदिरं बरोबर उलट्या दिशेला. म्हणून शनिवारी प्रांबानान आणि रात्री रामायण नृत्य, शेवटच्या दिवशी बोरोबुदूर करून तिथूनच विमानतळ. आता एक दिवस हलवला की बसचे सगळे तास बदलतात. मलाक्क्याला ऐन वेळी बस बदलली तेव्हा काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

अरुणकाका
मलाक्क्याला बस समितीने बदलली नव्हती, बसवाल्याने बदलली होती. असो.
माझं मत क्रातोन. बोरोबुदूर आम्ही खालून बघू, गुडघ्यांना तेवढंच झेपतं. क्रातोन १७५५-५६ मधला. गियांतीच्या तहात मातारामचं राज्य दुभंगलं आणि हा वाडा उभा राहिला. वारसदार अजून तिथेच राहतो. दहावा हामंकुबुवोनो हा सुलतानही आहे आणि प्रांताचा राज्यपालही, निवडणूक न लढवता. आपल्याकडे संस्थानं गेली, तिथे एक शिल्लक राहिलं, ते बघायला नको? २०२३ साली मेरापी ते दक्षिण समुद्र या रेषेवरच्या शहररचनेला युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, त्या रेषेच्या मध्यावर हा वाडा आहे.
ता. क. 'योग्याकार्ता' म्हणजे 'योग्य कर्ता' नव्हे. ग्रुपवर कोणीतरी तसं टाकलं होतं. नाव अयोध्येवरून आलंय.

मेधा
काका, राग मानू नका, पण बोरोबुदूर खालून बघणं म्हणजे वेरूळला जाऊन पार्किंगमधून परत येणं. त्याला गाभारा नाही, आत शिरायला दार नाही. जे आहे ते चढत जाणाऱ्या सज्ज्यांच्या भिंतींवर: २६७२ शिल्पपट, आणि माथ्यावर जाळीचे ७२ स्तूप. खालून नुसता काळा डोंगर दिसतो. बाजूला दुहेरी लाकडं बांधलेलं ते प्रसिद्ध गलबतही वरच्या भिंतीवरच कोरलंय. मी २०१९ ला गेले होते, तेव्हा तिकिटाचा हा जाच नव्हता. पहाटे वर बसलो, धुकं हटेना, मेरापी दिसलाच नाही, तरी चार तास खाली उतरावंसं वाटलं नाही.
आता आपली पादत्राणं काढून त्यांच्या चपला घालाव्या लागतात, दगड झिजतो म्हणून. 'उपानत' म्हणतात. संस्कृतच की!

प्राची
त्या चपला लहान मुलांच्या मापाच्या मिळतात का? आमचा पाच वर्षांचा आहे.

श्रीकांत
चपलांचं मिळेल हो, जेवणाचं कोण बघतंय? १३ जण शाकाहारी आहेत. गुडेग म्हणजे कोवळ्या फणसाची नारळाच्या दुधातली गोड भाजी, ऐकायला आपलीच वाटते. मागच्या खेपेला मी दोन वाढप घेतले, मग कळलं की सोबतचे मऊ लाल तुकडे म्हणजे क्रेचेक, जनावराची कातडी. 'तान्पा दागिंग' म्हणजे 'मांसाविना' असं सांगून भागत नाही, चिकन पुढे येतं. 'तान्पा अयाम, तान्पा इकान, तान्पा तरासी' अशी सगळी माळ जपा. तरासी म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, सांबालमध्ये, म्हणजे त्यांच्या मिरचीच्या ठेच्यात, हमखास असते. टेम्पे आणि टोफूवर मात्र डोळे मिटून जगता येतं.

विद्याताई
फणसाच्या भाजीत गूळ आमच्या रत्नागिरीतही घालतात, पण चिमूटभर. गुडेग म्हणजे फणसाचा पाक आहे. मी मेतकूट आणि दशम्या आणतेय, कोणी दोनदा आणू नये.
१० तारखेला श्रावणी सोमवार तर नाही ना? नाहीतर दशम्याही चालणार नाहीत.

श्रीकांत
नाही ताई. यंदा अधिक ज्येष्ठ होता, श्रावण १३ ला लागतो.

मिलिंद
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. मेरापी सोमवारी घेतला तर पहाटे ४ ला निघून ८ पर्यंत खाली यायला हवं. जीपवाले २०१० च्या उद्रेकात जळलेल्या घरापाशी थांबवतात. तिथे थांबलेलं घड्याळ बघायला सगळे अर्धा तास रेंगाळतात, ते यावेळी नको.

सुजाता
ठरलं. रविवारी बोरोबुदूरला २१ जण, सकाळच्या पहिल्या वेळेची तिकिटं आज काढते. बाकी १३ अरुणकाकांबरोबर क्रातोन आणि जवळच तामान सारी, सुलतानांची जुनी जलबाग. (हे १३ आणि शाकाहारी १३ वेगळे आहेत, कृपया घोळ घालू नका.) सोमवारी मेरापी सगळ्यांनी. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं मला आज रात्री १० पर्यंत द्या, टोपणनावं नकोत. प्राची, चपलांचं विचारते.
म्हणजे रविवारी दोन बस लागतील. मिलिंद, दुसरी तूच बघ. आणि मलाक्क्याचा तो माणूस ज्याने सुचवला होता, त्याला विचारू नकोस.